टॉरचं ओझं सांगली-साताऱ्यानंही उचलावं

गर्भलिंगनिदान कुठे चालत असेल तर कळवा, तुमचं नाव गुप्त ठेवू, माहिती खरी निघाली तर बक्षीस देऊ, असं आपलं शासन गेली कित्येक वर्षं जाहीरपणे सांगत आलं आहे. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा जिल्ह्यात जो तो हाच प्रश्न विचारत होता, की हे कुणालाच कसं ठाऊक नव्हतं? कुणाला ना कुणाला ठाऊक असणारच. पण ज्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाच्या आज्या-पणज्यापर्यंतची माहिती असते, तिथे आपलं नाव फुटणार नाही याची खात्री पटल्याशिवाय माणूस तोंड उघडत नाही. शासनाला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर नाव गुप्त ठेवायचं वचन ते आपणहून देतं. निनावीपणा म्हणजे चोरांचा आडोसा, असं निदान या एका बाबतीत तरी सरकारही मानत नाही.

इंटरनेटवर असं वचन देणारं कुणी नाही. तिथे ही सोय उभी केली आहे ती जगभरच्या स्वयंसेवकांनी, आपापले संगणक आणि आपापली जोडणी त्यासाठी देऊन. त्या जाळ्याचं नाव टॉर. माझं म्हणणं असं आहे, की हे जाळं चालवणारे संगणक सांगलीत, मिरजेत, कराडात, साताऱ्यातही असायला हवेत. फायबर आपल्याकडे घरोघरी आलं, अभियांत्रिकी महाविद्यालयं तालुक्या-तालुक्यात झाली, संगणक शिकलेली मुलं गल्लोगल्ली आहेत. तरी अनामिकतेचा हक्क आपण घटनेतून मागायचा आणि तो प्रत्यक्षात टिकवायचं काम मात्र जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या लोकांनी करायचं, ही विभागणी मला पटत नाही.

हा हक्क कुणाला लागतो, ते आपल्या भागातच बघू. ऊस हंगामात दरवर्षी काटामारीची ओरड होते. समजा, एखाद्या कारखान्याच्या काट्यावर बसणाऱ्या कारकुनाला दिसतंय, की ट्रॉलीमागे ठरावीक वजन कमी धरलं जातंय. त्याच्याकडे पावत्यांचे फोटो आहेत. ते त्याला वैधमापन खात्याला किंवा एखाद्या पत्रकाराला पाठवायचेत. कारखान्याच्या वायफायवरून पाठवायला गेला, तर मजकूर कुलूपबंद असला तरी कोणत्या संस्थळावर गेला हे ऑफिसच्या राऊटरवाल्याला दिसतं. स्वतःच्या सिमवरून पाठवायला गेला, तर ते सिम त्याच्या आधारला जोडलेलं आहे, आणि पलीकडच्या सर्व्हरवर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, वेळेसकट नोंदला जातो. ती नोंद कायद्यानं फक्त तपास यंत्रणेला मिळायला हवी, हे खरं. पण तालुक्याच्या ठिकाणी ओळखीनं काय काय मिळतं, हे वाचणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको. त्याच कारखान्यात त्याच्या भावाची नोकरी आहे, शेताला पाणी त्याच मंडळींच्या उपसा सिंचन योजनेतून येतं. आता तो पाठवेल का?

ही भीती कल्पनेतली नाही. सत्येंद्र दुबे या अभियंत्यानं राष्ट्रीय महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांना जानेवारी २०१० मध्ये भररस्त्यात मारलं, ते माहिती अधिकारात जमिनीची प्रकरणं काढत होते. या सगळ्यानंतर गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संसदेत संमत झाला. त्यातही, तक्रारदारानं आपली ओळख दिली नसेल तर तक्रारीची दखल घ्यायची नाही, असं लिहून ठेवलंय. आणि तोही वर्षानुवर्षं अंमलबजावणीविना पडून राहिला. म्हणजे गर्भलिंगनिदानाच्या खबरीला जे संरक्षण आपण देतो, ते काट्याच्या खबरीला नाही. त्या कारकुनानं स्वतःच स्वतःचं नाव झाकायचं, एवढाच मार्ग उरतो.

टॉर ते कसं झाकतं, हे नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. एका पाकिटात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, अशी तीन पाकिटं समजा. पहिलं पाकीट ज्याच्याकडे जातं, त्याला पाठवणारा दिसतो, पण आत काय आहे ते दिसत नाही. फक्त पुढच्या माणसाचा पत्ता दिसतो. मधल्याला मागचा आणि पुढचा संगणक तेवढा दिसतो. तिसरा शेवटचं पाकीट फोडतो, कुठल्या संस्थळावर जायचंय ते वाचतो, पण मुळात हे कुणी पाठवलं त्याचा त्याला पत्ताच नसतो. या तीन संगणकांना रिले म्हणतात. पहिला गार्ड, मधला मिडल, शेवटचा एक्झिट. तिघंही एकाच माणसाच्या हातात असतील तर सगळाच खेळ संपला, म्हणून टॉर एका वाटेवर एकाच मालकाचे म्हणून जाहीर केलेले दोन रिले घेत नाही, आणि आयपी पत्त्यांच्या एकाच मोठ्या गटातलेही दोन घेत नाही.

ही कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच भुवया उंचावतात. पण नौदलानंच ती सगळ्या जगाला खुली का केली, याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. जाळं फक्त नौदलानं वापरलं असतं, तर त्या जाळ्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचा, हे बघणाऱ्याला आपोआप कळलं असतं. गर्दी नसेल तर लपता येत नाही, आणि एकाच जातीच्या माणसांची गर्दी असूनही चालत नाही. म्हणून सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचता येईल असं मोकळं ठेवलं आणि २००६ साली ते चालवायला एक ना-नफा संस्था उभी राहिली. तिला अमेरिकी सरकारकडून पैसा मिळत आला आहे. तो मुद्दा मी टाळत नाही. पण नक्षा सगळ्यांसमोर उघडा आहे आणि संगणक हजारो अनोळखी लोकांचे आहेत. अमेरिकेवर भरवसा नसेल, तर त्यावर उपाय हाच, की अमेरिकेबाहेरच्या लोकांनी रिले चालवावेत.

आज जगात सात-आठ हजार रिले आहेत आणि रोज अंदाजे २० लाखांच्या आसपास माणसं टॉर वापरतात. हे रिले नकाशावर मांडले तर जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स आणि युरोपातले आणखी काही देश गच्च भरलेले दिसतात. त्यातही बरेचसे मोजक्या होस्टिंग कंपन्यांच्या गोदामांत आहेत. भारत जवळजवळ रिकामा.

त्यानं काय बिघडतं, हे जर्मनीतच दिसलं. तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या पत्रकारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये बातमी दिली, की जर्मन पोलिसांनी काही रिलेंवर महिनोन्महिने पाळत ठेवून, कुठून किती वाजता किती माहिती गेली याचे मेळ घालून, टॉर वापरणाऱ्या एका माणसाचा माग काढला. तो माणूस बालकांच्या लैंगिक शोषणाची सामग्री पसरवणाऱ्या टोळीतला होता. त्यानं वापरलेलं गप्पांचं सॉफ्टवेअर जुनं होतं, नव्या आवृत्तीतलं संरक्षण त्यात नव्हतं, असं टॉरवाल्यांचं म्हणणं. तो पकडला गेला हे चांगलंच झालं, मला त्याबद्दल तसूभरही हळहळ नाही. पण त्या पद्धतीला समोरचा माणूस चांगला की वाईट ते कळत नाही. ज्या देशात रिलेंची दाटी, त्या देशाच्या यंत्रणेला ही वाट मोकळी. उद्या त्याच वाटेनं एखाद्या पत्रकाराचा किंवा आपल्या कारकुनाचा माग काढता येईल. रिले जितके वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या तारांवर विखुरलेले असतील, तितकी एकाच हातात दोन्ही टोकं सापडण्याची शक्यता कमी. सांगलीतला एक रिले फ्रँकफर्टमधल्या आणखी एका रिलेपेक्षा मोलाचा का, त्याचं उत्तर हे आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येईल? मी नेटवर्किंग शिकवतो, आणि विद्यार्थ्यांना ज्या क्रमानं सांगतो त्याच क्रमानं इथे सांगतो.

सगळ्यात सोपं आहे स्नोफ्लेक. ते ब्राउझरला जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन आहे. ज्या देशात टॉरच बंद केलंय, तिथल्या माणसाला ते तुमच्या ब्राउझरमधून टॉरच्या दारापर्यंत पोचवतं. तिथून पुढे त्याची वाट नेहमीच्या रिलेंमधून जाते, म्हणून तो शेवटी जे संस्थळ उघडतो, त्याला तुमचा पत्ता कधीच दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, कंपनी एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरं कोंबते. रिले चालवायला निघालेला उत्साही मुलगा इथेच पहिल्यांदा अडतो. स्नोफ्लेकला ती अडचण नाही. रशियानं डिसेंबर २०२१ मध्ये टॉर अडवायला सुरुवात केली तेव्हा, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराण पेटला तेव्हा, तिथल्या हजारो लोकांना बाहेरचं जग दिसलं ते अशाच अनोळखी घरांतल्या ब्राउझरमधून. विश्रामबागच्या माझ्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ते दिवसभर चालू असतं. कोपऱ्यातलं चिन्ह रंग बदलतं, म्हणजे कुणीतरी जोडलं गेलं. एवढंच कळतं.

मिडल रिले ही त्याच्या पुढची पायरी, आणि ती घरी नको. कारण व्यवहारातलं आहे. रिलेंचे पत्ते सगळ्या जगाला जाहीर असतात, आणि काही संस्थळं त्या यादीतला पत्ता दिसला की सरसकट दार लावतात. घरातल्या एकाच पत्त्यावरून रिलेही चालवला, तर घरच्यांचं बँकेचं किंवा तिकिटाचं काम अडू शकतं. घरी चालवायचाच असेल तर ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायचं आडवाटेचं दार, बरा. तो त्या जाहीर यादीत नसतो आणि त्याला वेगही थोडाच पुरतो. मिडल रिलेला दोन्ही बाजूंनी किमान १० मेगाबिटचा वेग लागतो, महिन्याला १०० जीबी तरी वाहून द्यावे लागतात आणि एकाच वेळी सात हजार जोडण्या पेलाव्या लागतात. आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही. आज घरगुती फायबरच्या 'अनलिमिटेड' योजनांची मर्यादाही महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असते. अडतं ते त्या सात हजारांवर. केबलवाल्यानं फुकट दिलेला राऊटर तेवढ्या जोडण्यांनी मान टाकतो, आणि मग सगळ्या घराचं नेट बंद.

दुसरी गोष्ट धीराची. नवा रिले उभा केला की लगेच काम मिळत नाही. जाळं आधी त्याला जोखतं. वेग मोजणारे सर्व्हर मुख्यतः युरोप-अमेरिकेत असल्यानं इतक्या लांबच्या रिलेला गुणही कमी पडतात. किती काळ न थांबता चालू राहिला यावर त्याची पत ठरते. ऑगस्ट २०१९च्या महापुरासारखं पाणी आलं, तर सांगलीतली पत शून्यावर येणार. म्हणून साताऱ्यातही रिले असावेत, कराडातही. विखुरण्याचा मुद्दा जिल्ह्याच्या आतही तसाच लागू पडतो.

आमच्या विद्यार्थ्यांना रिलेच्या पडद्याबद्दल फार उत्सुकता असते. आपल्याला आता सगळ्यांचं सगळं दिसणार, अशी त्यांची समजूत. पडद्यावर सुरुवातीला एक ओळ येते, की तुमचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, बाहेरून गाठता येतंय. मग दर सहा तासांनी एक नोंद: किती वेळ चालू आहे, किती वाटा उघड्या आहेत, किती जीबी आले, किती गेले. संस्थळाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, मजकूर तर नाहीच. मुलं आणखी फाइली उघडून शोधतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. 'सर, मग आपण नेमकं काय वाहतोय?' असा प्रश्न येतो. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

त्या वाहण्यात गुन्हाही असतो. टॉरवर अमली पदार्थांचे बाजार भरले, बालशोषणाची संस्थळं चालली, धमक्या दिल्या गेल्या. जो म्हणतो की असं काही नाही, तो खोटं बोलतो. मग आपण त्याला का हातभार लावायचा? यावर माझी दोन उत्तरं आहेत. एक, पोलिसांना गुन्हेगार सापडतात ते बहुधा नेहमीच्या तपासानं. सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार २०१३ साली बंद पडला. त्याचा चालक सापडला तो त्यानं फार पूर्वी खऱ्या नावाचा ईमेल जाहीर लिहून ठेवला होता म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्यानं टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर कोण कोण वापरत होतं ते बघितलं, मोजकीच नावं निघाली, आणि त्यानं कबुली दिली. २०१९ साली उघड झालेलं बालशोषणाचं एक मोठं संस्थळ बिटकॉइनच्या व्यवहारांचा माग काढून पकडलं. टॉर होतं म्हणून कायदा हात बांधून बसला, असं झालेलं नाही.

त्या हार्वर्डच्या प्रकरणातून मला आपल्या तालुक्यांबद्दल एक गोष्ट दिसते. अख्ख्या तासगावात टॉर वापरणारा एकटा आपला कारकूनच असेल, तर त्याला शोधायला कुणाला फार अक्कल लागणार नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, पत्रकारांच्या टेबलावर, वकिलांच्या ऑफिसात, घराघरांतल्या लॅपटॉपवर टॉर ही रोजची गोष्ट झाली, तरच तो त्या गर्दीत झाकला जाईल.

दुसरं उत्तर अधिक अवघड आहे. चांगल्याला वाट द्यायची आणि वाइटाला अडवायचं, असा रिले बनवता येत नाही. जो रिले आतलं बघून माणूस ओळखू शकतो, त्याच्याकडून ती ओळख धाक दाखवून किंवा पैसे देऊन काढूनही घेता येते. मग तो कुणाच्याच कामाचा नाही. गुन्हेगाराकडे दुसरे मार्ग असतात. तो चोरीचा फोन घेतो, दुसऱ्याच्या नावाचं सिम घेतो, कुणाच्या तरी संगणकात घुसून तिथून काम करतो. काट्यावरचा कारकून यातलं काहीही करणार नाही, कारण तो सरळ माणूस आहे. टॉर गेलं तर अडचण त्याची होईल.

आणि म्हणूनच एक्झिट रिलेबद्दल मी अगदी स्पष्ट सांगतो: घरून तो चालवू नये. बाहेरच्या संस्थळांना शेवटी दिसतो तो एक्झिटचा पत्ता. दुसऱ्या कुणी केलेल्या उपद्व्यापाची तक्रार तुमच्या दारात येते. दिमित्री बोगातोव हे मॉस्कोतले गणिताचे शिक्षक घरून एक्झिट चालवत होते. त्यांच्या पत्त्यावरून दुसऱ्याच कुणी मजकूर टाकला, म्हणून एप्रिल २०१७ मध्ये त्यांना अटक झाली. आधी कोठडी आणि मग नजरकैद भोगल्यावर २०१८ मध्ये खटला मागे घेतला गेला. आपल्याकडच्या सायबर ठाण्यात आयपी पत्ता म्हणजेच माणूस, अशी समजूत अजून आहे. ती बदलेपर्यंत आई-वडिलांच्या घरावर ही जोखीम आणण्याचा कुणाला अधिकार नाही. मिडल रिले आणि ब्रिज मात्र बाहेरच्या कुठल्याच संस्थळाशी थेट बोलत नाहीत, त्यामुळे तसली तक्रार त्यांच्यापर्यंत येत नाही.

कायद्याचं काय? टॉर वापरायला किंवा रिले चालवायला बंदी घालणारा कायदा भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं निर्देश काढले, की व्हीपीएन (आपल्या सर्व्हरमधून वाट देऊन ग्राहकाचा पत्ता झाकणारी सेवा), क्लाउड आणि डेटा सेंटरवाल्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपावेत, आणि सगळ्यांनीच आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात. बड्या व्हीपीएन कंपन्यांनी तेव्हा आपले सर्व्हर भारतातून उचलून नेले. रिले चालवणाऱ्याला ग्राहकच नसतात, त्यामुळे पाच वर्षं जपायला त्याच्याकडे नाव नसतं. कोण कुठून कुठे गेलं याची नोंद न ठेवणं हाच त्याच्या यंत्राचा गाभा. पण पुढे दिलेल्या खुलाशात 'इंटरनेट प्रॉक्सीसारखी सेवा' असे ऐसपैस शब्द आहेत, आणि ते कुणालाही लावता येतील. हौशी, पैसे न घेणाऱ्या रिले चालकाला या निर्देशांतून स्पष्ट वगळावं, ही मागणी आपल्या खासदारांपर्यंत जायला हवी. पन्नास महाविद्यालयांनी एकत्र येऊन ती केली तर तिला वजन येईल. एकट्या मुलानं करून काही होणार नाही.

एक आक्षेप मला सगळ्यात मनापासूनचा वाटतो, आणि तो आमच्याच भागातल्या जुन्या कार्यकर्त्यांचा आहे. ते म्हणतात, आपली परंपरा नावानिशी उभं राहण्याची. दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी नाव झाकलं होतं का? नव्हतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्याही ते नावानिशी उभे होते म्हणूनच. अशा माणसापुढे मी नतमस्तक आहे. पण ज्या जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समिती लढली आणि जिच्या रेट्यामुळे २०१७ पासून राज्यात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू झाला, त्या वाळीत टाकलेल्या कुटुंबांचा विचार करा. पहिली हाक मारताना त्यांना सारं गाव ऐकणार नाही अशी जागा लागते. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा त्यासाठी आधार घेतला, ते सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं ते २०१५ साली. तोवर त्यांच्या वयाच्या किती मुलींनी लिहायचं थांबवलं असेल? नावानिशी बोलायचं धैर्य ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती हक्काची पूर्वअट होऊ शकत नाही.

आणि परंपरेचंच बोलायचं, तर १९४३ ते ४६ या काळातलं पत्री सरकार आठवावं. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील वर्षानुवर्षं भूमिगत राहिले, ते कुंडलपासून वाळव्यापर्यंत आणि पलीकडेही शेकडो घरांनी दार उघडलं, भाकरी दिली आणि विचारणाऱ्याला 'ठाऊक नाही' म्हणून सांगितलं म्हणून. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला यावर टोकलं होतं: 'भाकरी देणाऱ्याला समोर कोण बसलंय ते माहीत होतं, तुझ्या यंत्राला ते माहीत नाही.' फरक खरा आहे. भाकरी देणाऱ्यानं माणूस बघून निवड केली होती. रिले चालवणारा माणूस निवडत नाही, तो नियम निवडतो: ज्याला नाव झाकायचंय त्याला ते झाकता यावं. हा नियम गुन्हेगारालाही लागू होतो, हे कबूल करूनच मी तो निवडतो. नियम मोडला तर सगळ्यात आधी कोण उघडं पडेल, हे मला आपल्या गावांकडे बघून दिसतं.

म्हणून हे काम संस्थांनी हाती घ्यावं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन या छोट्या गावातल्या किल्टन सार्वजनिक वाचनालयानं २०१५ साली रिले सुरू केला. केंद्राच्या गृहसुरक्षा खात्यातून स्थानिक पोलिसांना ईमेल गेला, पोलीस वाचनालयाशी बोलले, वाचनालयानं रिले थांबवला. मग सप्टेंबरात विश्वस्तांची जाहीर बैठक झाली. गावकरी आले, रिलेच्या बाजूनं बोलले आणि रिले पुन्हा चालू झाला. आपल्या नगर वाचनालयांच्या सर्वसाधारण सभांत कधी असा विषय निघेल का? निघायला हवा. वाचकानं कोणतं पुस्तक नेलं ते ग्रंथपाल गावाला सांगत नाही, त्याच धर्मातलं हे काम आहे. विद्यापीठांनी रिले चालवावेत म्हणून अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेनं २०२३ साली मोहीमच काढली. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्यातून शिकवायला जिवंत जाळं मिळेल. कुलूपबंद संवाद, मार्ग निवडणं, वेग मोजणं हे सगळं विद्यार्थी आज फळ्यावर शिकतात.

प्राचार्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोलिसांचं पत्र आलं तर? त्याची तयारी आधीच करून ठेवायची. रिलेला महाविद्यालयाच्या रोजच्या कामापासून वेगळा, स्वतंत्र स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्यायचा. त्या पत्त्याच्या नावातच टॉर रिले असा उल्लेख ठेवायचा. रिलेच्या माहितीत संपर्काचा ईमेल द्यायचा, आणि एका प्राध्यापकाकडे ही जबाबदारी लेखी सोपवायची. सुरुवातीला फक्त मिडल रिले चालवायचा. एक्झिटचा विचार वकिलाचा सल्ला आणि व्यवस्थापनाचा ठराव झाल्यावरच. टॉर प्रकल्पाची एक्झोनरेटर नावाची सेवा आहे. तिच्यात आयपी पत्ता आणि तारीख टाकली, की त्या दिवशी त्या पत्त्यावर टॉरचा रिले चालू होता का, ते कळतं. पत्र आलंच तर ते पान छापायचं, प्राचार्यांच्या सहीच्या खुलाशाला जोडायचं आणि ठाण्यात देऊन पोच घ्यायची.